टबात फक्त पाणीच होतं

नाही हो दादा, फक्त पाणीच. पाण्याशिवाय काही म्हणजे काहीच गेलेलं नाही टबात. काकांनी सांगितलं ना फोनवर तुमच्या पुण्याच्या ऑफिसात — मी शेजारीच उभी होते, तीनदा सांगितलं, तिसऱ्यांदा तर इंग्रजीतून — आणि तुम्ही परत तेच विचारताय. लिहा ना, ‘पाणी’. लिहिलंत? हां. खुर्ची देऊ? नको? बरं. रायजीभाई चहा टाकतायत, ते इथले राखणदार, घरच्या म्हशीचं दूध आहे, चमचा उभा राहतो चहात. काका येतीलच. सकाळी आम्ही दोघं स्कूटरवरून आलो आणि हेल्मेट काढतोय तोच गावातल्या एसटीडीवाल्याकडून निरोप, की घरी आत्याने ताबडतोब बोलावलंय. काका घाबरलेच. आत्या म्हणजे त्यांची मोठी बहीण — ती कधी कुणाला ‘ताबडतोब’ म्हणत नाही, कारण ती जे म्हणते ते ताबडतोबच होतं. तर मला इथे सोडून ते परत बडोद्याला पळाले आणि जाताना म्हणाले, ‘इशू, कंपनीचा माणूस आला की टब दाखव आणि गप्प बस. एक शब्द जास्त बोलू नकोस.’ म्हणून मी गप्पच आहे. तशीही मी बोलतच नाही. शाळेत हजेरीला माझा आवाज बाईंना ऐकू जात नाही, मी नुसता हात वर करते. दहावीत आहे, तरी. पण तुम्ही इतके गप्प असता, दादा, की दोन गप्प माणसं आणि मध्ये उघडा पडलेला टब — कुणीतरी बोलायला नको का?

बघा ना तळाव किती छान दिसतोय. ती पलीकडे पांढरी दिसतात ना, ते बगळे नाहीत, कागदी पिशव्या आहेत, पण डावीकडचे बगळे आहेत. पादरा गाव सोडलं की कुणाला वाटत नाही इथे एवढं पाणी असेल. काकांना वाटलं. काका बँकेत होते, दोन वर्षांपूर्वी व्हीआरएस घेतली, सगळे म्हणाले आता घरी बसून पेपर वाचणार, आणि यांनी ही तीन कॉटेजेस बांधायला काढली. कॉटेज म्हणजे काय, खोली, न्हाणीघर, पुढे लाकडी ओटा, आणि ओट्यावर हा — गरम पाण्याचा टब. जयेशभाई म्हणून त्यांच्या बँकेचे ग्राहक होते, न्यू जर्सीला असतात, त्यांनी डोक्यात भरवलं. डिसेंबरात आमच्याकडे सगळे एनआरआय येतात ना, लग्नं जुळवायला, उंधियू खायला, तर जयेशभाई म्हणाले, रमाकांतभाई, थंडीत तळावाच्या काठी गरम पाण्यात गळ्यापर्यंत बसायला मिळालं तर आमची माणसं हॉटेलात जाणारच नाहीत. पहिलं बुकिंग वीस डिसेंबरचं आहे. आहे म्हणजे — होतं. आता काय माहीत. तुम्ही आज काय लिहिता त्याच्यावर आहे सगळं. टबात मुळातच दोष आहे असं तुम्ही लिहिलंत की बुधवारी ट्रक येणार आणि तिन्ही टब परत जाणार, काकांनी ठरवूनच टाकलंय. ‘एक बिघडला म्हणजे तिन्ही बिघडणार,’ असं म्हणतात. दोन दिवस झाले, जेवताना बोलत नाहीत. कोशिंबीर पण मागत नाहीत.

मला काय? मला काही नाही. मला फक्त वाटतं, परत जाऊ नयेत.

तो दांडा ना? स्टीलचा? हो, याच टबाला आहे. बाकीच्या दोन टबांना नाही. पायऱ्यासुद्धा फक्त इथेच आहेत, लहान लहान, बसक्या. तुमच्या कंपनीचं काम नाही ते, काकांनी मागाहून करून घेतलं. का ते कधी बोलले नाहीत. पण घरात गुडघे एकीचेच दुखतात. आणि गंमत म्हणजे तीच म्हणाली होती — भर पंगतीत, पुरणपोळीवर तूप घेता घेता — ‘रमाकांत, माणसं उघड्यावर आंघोळ करायची सोडून न्हाणीघरात आली याला संस्कृती म्हणतात. तू त्यांना परत उघड्यावर नेतोयस. मी तुझ्या त्या हौदात पाय ठेवणार नाही.’ आणि कुसुमआत्याने एकदा म्हटलं की म्हटलं. तीस वर्षं मुलींच्या शाळेत शिकवलंय तिने, अजून बडोद्यात आमच्या रावपुऱ्यात बायका तिला बघितलं की पदर नीट करतात. सकाळी सव्वापाचला आंघोळ, एक बादली, अकरा तांबे. मी जिन्यातून मोजलेत. बारावा कधी नाही.

काय सापडलं? बघू? हे... हे बेडूक असेल. नाही? वाळलेला बेडूक? तळाव जवळ आहे ना, खूप येतात. हिरवट आहे तर हिरवट बेडूक. बिया आहेत? आतून बिया — हो, बेडकात बिया नसतात, ते मला माहितीये, सायन्सला ब्याऐंशी आहेत मला. मग काकडी असेल. अगदी छोटी काकडी. इथे वाडीत काय काय पिकतं, पादऱ्याची भाजी प्रसिद्धच आहे, वाऱ्याने...

अजून आहे का आत? तीन असतील. म्हणजे — मला काय माहीत किती असतील.

दादा, तुम्ही हसलात. तुम्हाला माहितीये ते काय आहे. तुमच्याकडे पण करतात? नाशिकला? मग तुम्ही मघापासून मला बेडूक बेडूक करू दिलंत! बरं, कारीट आहे ते. कारीट. बडोद्यात मिळत नाहीत, काकीच्या माहेरहून येतात, चिपळूणहून, डब्यात कापसात घालून, अंगठीसारखी. नरकचतुर्दशीला डाव्या पायाच्या अंगठ्याखाली फोडायची ती. आता ती तुमच्या पंपात आहेत म्हणजे आम्ही नरकासुर कुठे मारला ते कळलंच तुम्हाला.

थांबा, थांबा. मी शपथ घेतली आहे. आत्याच्या पायावर हात ठेवून. तिघींनी घेतली. पण शपथ काय होती? ‘रमाकांतला सांगणार नाही.’ रमाकांतला. तुम्ही रमाकांत नाही. तुमच्या खिशावर कुशल लिहिलंय. मग चालेल ना? चालेल. हुश्श. दादा, तीन आठवडे माझ्या पोटात आहे हे, मी मैत्रिणीलासुद्धा सांगितलं नाही, रात्री झोपेत हसते म्हणून आई मला हलवते आणि मग ती पण हसायला लागते.

झालं असं, की काका म्हणाले, या दिवाळीला सगळे तिकडे जाऊ, पाहुणे यायच्या आधी आपण राहून बघू. पण दिवाळीत घर कुलूप लावून कसं जायचं, दिवा नको का लावायला? म्हणून बाबा आणि काका रावपुऱ्यातच राहिले, सकाळी फराळाला येतो म्हणाले, आणि आम्ही चौघी इथे — मी, आई, काकी आणि आत्या. आत्या येतच नव्हती. काकी म्हणाली, ‘वन्सं, तुम्ही नाही आलात तर आम्हाला तेल कोण लावणार?’ तेव्हा आली. तेल लावायचं म्हणून. दरवर्षी तीच लावते सगळ्यांना — डोक्याला, पाठीला, तळव्यांना, तिच्या हाताला चुकवून कुणी सुटत नाही. तिला मात्र कुणी लावत नाही. आत्तोबा गेले तेव्हापासून ती पाटावर बसतच नाही. नऊ दिवाळ्या झाल्या. ‘मला कुठे आता,’ म्हणते आणि वाटी घेऊन आत जाते.

तर पहाट. थंडी अशी की दात वाजतायत. न्हाणीघरातला गीझर चालेना. आई म्हणाली, चुलीवर पाणी तापवू. आणि काकी — ही आमची मोहनाकाकी ना, ती काही बोलायच्या आधी नाक खाजवते — तिने नाक खाजवलं आणि म्हणाली, ‘अहो, गरम पाणी आहेच की. एक हौद भरून आहे!’ मी म्हटलं, काकी, पाटी आहे. कारण काकांनी ही पाटी लावलेली होतीच, बघा ना तुमच्या डोक्यावरच आहे, आधी शॉवर घ्या, तेल साबण वर्ज्य, खाद्यपदार्थ वर्ज्य, सगळं गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत. तर आत्याने चष्मा लावला. पूर्ण वाचली, वरून खाली, तिन्ही भाषांत. गुजरातीतली एक ऱ्हस्व-दीर्घाची चूक पण काढली. आणि चष्म्यावरून आमच्याकडे बघत म्हणाली, ‘मराठीत लिहिलेलं नाही. म्हणजे आपल्याला लागू नाही.’

आता सांगा! आत्याच असं म्हणाल्यावर!

मग काय विचारता — पाट इथे ओट्यावर मांडला, समया लावल्या, रांगोळीची चार बोटं ओढली, आत्याने आम्हाला तिघींना तेल चोळलं, काकीने घरी कुटलेलं उटणं — त्यात नागरमोथा, वाळा, गुलाबाच्या पाकळ्या, आणि केसांना शिकेकाई आणि रिठा वेगळा, एवढं मोठं पातेलं — ते लावलं, टबाच्या काठावर कारीट फोडलं, ‘गोविंदा, गोविंदा’ ओरडलो, तळावावरची बदकं उडाली, आणि आम्ही तिघी टबात. आई गं! दादा, तुम्ही रोज हे टब दुरुस्त करता, तुम्ही कधी बसलायत का आत? नाही? बसा कधी तरी. पाण्यावर वाफ, वर चांदण्या, अंगाला उटण्याची खरखर. आई माझी शाळेत गणित शिकवते, ती अशी तरंगली — माझी आई, तरंगली! आत्या काठावर उभी, एका हातात तेलाची मोठी पितळी वाटी, दुसऱ्या हातात पातेलं, आणि सूचना देतेय, कानामागे घासा, माना घासा. काकी म्हणाली, ‘वन्सं, निदान पाय तरी सोडा हो पाण्यात, गुडघ्यांना बरं वाटेल.’ आत्या म्हणाली, नाही. मग थोड्या वेळाने म्हणाली, नुसते पाय. लुगडं — म्हणजे साडीच, पण ती सावरते अशी की लुगडं वाटावी — सावरून काठावर बसली, आणि पाय सोडले. आणि डोळे मिटले.

आणि मी बटण दाबलं.

मला वाटलं, बुडबुडे पायाला छान लागतील तिच्या. खरंच, तेवढंच वाटलं. पण ते बुडबुडे काही सांगून येतात का? धडाड्‌धूम सुरू झाले, आत्या दचकली, काठाला तेल सांडलेलं होतंच, आणि ती गेली ना सरळ आत — वाटीसकट, पातेल्यासकट, चष्म्यासकट! एक क्षण नुसतं पाणी. आत्या नाहीच. मग वर आली, आणि तिच्यामागून फेस वर आला. रिठा आणि शिकेकाई, अख्खं पातेलं, आणि खाली तुमची ती बारा भोकं जोर लावून फुंकतायत! दूध उतू जातं तसा फेस, दादा, टबाबाहेर, ओट्याबाहेर, पायऱ्यांवरून गवतात. कुणाला कुणी दिसेना. काकी कुठेतरी खिदळतेय, आई ‘बंद कर, बंद कर’ म्हणतेय, मला बटण सापडेना. आणि त्या फेसातून आत्याचा वर्गातला आवाज — ‘मोहना!’ काकी म्हणाली, ‘हजर!’ ‘मंदाकिनी!’ आई म्हणाली, ‘हजर!’ ‘ईशानी!’ आणि दादा, मी ओरडले. ‘हजर!’ एवढ्या मोठ्याने मी आयुष्यात ओरडले नव्हते. तर आत्या म्हणते, ‘शाबास. शाळेत असं का ओरडत नाहीस?’ आणि हसायला लागली. तिला हसू आवरेना. फेसाची दाढी आलेली, चष्म्याला उटणं, आणि हसतेय, हसतेय, दांडा धरून हसतेय. रायजीभाई काठी घेऊन धावत आले कुंपणापर्यंत, ‘बेन, शुं थयुं, शुं थयुं,’ आणि आत्या आतून ओरडली, ‘कंई नथी! दिवाळी छे!’

मग हसून हसून दमलो आणि काठाला टेकून बसलो. पाण्यावर तेलच तेल तरंगत होतं. काकीने ते ओंजळीत घेतलं आणि काही न विचारता आत्याच्या टाळूवर घातलं. आत्या एकदम स्तब्ध. मला वाटलं, आता ओरडणार. आई माझा हात धरून बसली होती पाण्याखाली. आत्याने डोळे मिटले. मग म्हणाली, ‘जोराने चोळ की गं. हात आहे का पीस?’

ती... हं. काही नाही. फेस आठवला की असं होतं, डोळ्यांत जातं. कुठे होते मी?

हां, शपथ. उजाडल्यावर आत्या परत आत्या झाली. केस पुसले, साडी बदलली, आणि म्हणाली, ‘मी पाय ठेवणार नाही म्हटलं होतं. रमाकांतला कळता कामा नये.’ मग आम्ही टब रिकामा केला, बेसनाने पुसला, वर्तमानपत्रांनी पुसला, नवीन पाणी भरलं. दिसायला एकदम सरस. पण आत काय गेलंय ते आम्हाला कुठे माहीत! भाऊबीजेला काकांनी बाबांना दाखवायला बटण दाबलं, तर नुसतं घुं घुं, एक बुडबुडा नाही, आणि वास. काका ओरडले, ‘प्लॅस्टिक जळतंय!’ बाबा हुंगतायत, म्हणतात, ‘जळक्या प्लॅस्टिकला गुलाबाचा वास कसा रे?’ आणि काकीने नाक खाजवलं आणि म्हणाली, ‘फॉरेनचं प्लॅस्टिक असेल.’ आई तोंडाला पदर लावून आत पळाली. मी पण. तेव्हा हसलो. पण मग काकांनी तुमच्या कंपनीला फोन करायला सुरुवात केली, पत्रं लिहिली, आणि ट्रक ठरवला, आणि आता हसू येत नाही. आणि आत्या — सांगू? ती रोज विचारते मला. सगळे झोपले असं वाटलं की हळूच, ‘दुरुस्त झालं का गं ते?’ मी म्हणते, नाही. ती म्हणते, ‘नाही, आपलं सहज विचारलं.’ रोज सहज विचारते. आणि परवा मी जिन्यातून मोजले — अकरा तांबे झाले, आणि ती तशीच बसून राहिली, रिकाम्या बादलीकडे बघत.

म्हणून दादा, दोष आहे असं लिहू नका. प्लीज. टब चांगला आहे. तुम्हीच बघितलंत ना, सगळा दोष आमचा आहे. पण तेल होतं असंही लिहू नका. लिहा, ‘पाला अडकला होता, काढला.’ कारीट पाल्यातच धरता येईल की. आणि तो बियांचा लगदा... दाखवा? काय लिहिलंय इथे? ‘तेलकट पदार्थ आढळल्यास कारागिराने नोंद करणे बंधनकारक.’ म्हणजे नाही लिहिलंत तर ओरडा तुम्हाला बसणार? आणि पुढच्या वेळी दुसरा कुणी आला आणि त्याला आत तेल दिसलं, तर तुमची सही खाली... नोकरीवरच येईल? बाप रे. नाही, मग नाही. तसं नको. असं कसं मागितलं मी तुमच्याकडे.

मग खरं लिहा. पण नाव माझं लिहा. लिहा, ‘ईशानी हिने तेल आणि उटणे सांडले.’ बटण मीच दाबलं होतं, हे काही खोटं नाही. आत्या पडली नसती तर वाटी पडली नसती, आणि मी दाबलं नसतं तर आत्या पडली नसती. गणित बरोबर येतं. काका मला काही बोलणार नाहीत. नुसते बघतील. ‘तुला पाटी वाचता येत होती,’ एवढंच म्हणतील, आणि मग वीस डिसेंबरला मला इथे आणणार नाहीत. चालेल. टब राहतील ना? आत्या — ती येईल कधीतरी, काहीतरी निमित्त काढेन मी. लिहा. इ दीर्घ, ईशानी.

झालं बसवून? दाबू बटण? मीच? नको, मला भीती वाटते — बरं, दाबते. एक, दोन...

अय्या! अहो, दादा! बघा की! बघा कसे नाचतायत! फेस नाही, काही नाही, नुसते स्वच्छ बुडबुडे! थोडा वास आहे अजून गुलाबाचा, तो राहू द्या, एनआरआय लोकांना सांगू मुद्दाम घातलाय. रायजीभाई! रायजीभाई, चालू थयुं! चहा राहू द्या, आधी बघायला या!

स्कूटर. ऐकलीत? तळावाच्या पाळीवरून, त्या बांधावरून येतेय ना, ती काकांची. आले. आता तुम्ही कागद द्या त्यांना, मी खोलीत जाते. नाही — इथेच थांबते. हजर म्हटलं की हजर. पण हळू का चालवतायत एवढी? मागे कुणीतरी आहे. पांढरी साडी आहे. दादा, ती आत्या आहे! आत्या स्कूटरवर! ती रिक्षाशिवाय बसत नाही कशात, स्कूटरला ती ‘खेचर’ म्हणते — आणि बघा, काकांचा खांदा धरून बसलीये, आणि मांडीवर पिशवी, आणि पिशवीतून टॉवेल बाहेर आलाय. काकांना ठसका लागलाय का? खांदे हलतायत त्यांचे... नाही, हसतायत. काका हसतायत! म्हणजे ‘ताबडतोब’ बोलावलं ते यासाठी — तिने स्वतःच सांगितलं! स्वतःच! आणि आम्हाला शपथा घातल्या! काय म्हणतायत? ऐकू येत नाही या बुडबुड्यांत — हां, काका विचारतायत, ‘इशू, पाणी तापलं का गं?’

तापतंय! काका, तापतंय!

दादा, उठा. उठा ना लवकर, पान्हे गोळा करा, कागदाचं काय ते काकांशी बोला, तिकडे वडाखाली, चहा तिकडेच पाठवते. नाही, इथे नाही थांबायचं, एक मिनिटसुद्धा नाही, आणि मागे वळून बघू नका. बायकांची आंघोळ आहे.